कानाडोळा म्हणजे परवानगी नव्हे

सेगा या जपानी कंपनीच्या व्हिडिओ गेमचा नायक सॉनिक, म्हणजे निळा हेजहॉग (छोटा काटेरी प्राणी), सपाट जमिनीवर पळायला लागला की दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल तसतसा, त्याचा वेग 0.046875 पिक्सेलने वाढतो. उलट दिशेचं बटण दाबून त्याला रोखलं की तोच वेग फ्रेममागे 0.5 ने उतरतो. बटण नुसतं दाबून धरलं तर वेग 6 पिक्सेलवर जाऊन अडतो; त्यापुढचा वेग हवा असेल तर उतार शोधावा लागतो. चाहत्यांनी 1991 च्या मूळ गेमचा प्रोग्रॅम ओळीओळीने उकलून हे आकडे काढले आणि कुणालाही वाचता येतील असे मांडून ठेवले. उडी मारताना बटण लवकर सोडलं तर उडी किती आखूड होते, अंग गुंडाळून घरंगळताना घर्षण किती लागतं, चढावर वेग किती खाल्ला जातो, सगळं त्यात आहे.

एका कार्टूनसाठी एवढा आटापिटा कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. भांडण्यासाठी. ऑक्टोबर 2010 मध्ये ‘सॉनिक 4’चा पहिला भाग आला तेव्हा जुन्या खेळाडूंना तो हातात घेताच खटकला. काहीतरी चुकतंय हे सगळ्यांनाच कळत होतं, पण नेमकं काय? ज्यांनी आकडे काढले होते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. हवेत असताना दिशेचं बटण सोडलं की सॉनिकचा पुढचा झोक एकदम मरतो. उभ्या भिंतीवर वेग नसतानाही तो चिकटून राहतो. चढावरून उसळला की गुंडाळलेला सॉनिक आपोआप उलगडतो. एरवी अशा वादांत ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ या वाक्यापलीकडे गाडी जात नाही. इथे ती गेली, कारण मोजमाप हाताशी होतं.

चाहत्यांच्या कामाबद्दल बोलताना आपण ‘हौस’ हा शब्द वापरून मोकळे होतो. मला तो अपुरा वाटतो. या मंडळींनी वाद घालता घालता अभ्यास केला, अभ्यास करता करता हत्यारं घडवली आणि त्या हत्यारांनी गेम बनवले. सगळे नाही, पण बरेच. आणि मग एक वेळ अशी आली की कंपनीलाच त्यांच्याकडे जावं लागलं.

ख्रिश्चन व्हाइटहेड हा ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमर या चाहत्यांतलाच. 1993 चा ‘सॉनिक सीडी’ आयफोनवर कसा चालेल याचं प्रात्यक्षिक त्याने 2009 मध्ये स्वतः लिहिलेल्या इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर, करून दाखवलं. सेगाला ते पटलं आणि 2011 मध्ये त्याचीच आवृत्ती अधिकृत म्हणून बाजारात आली. मग सायमन थॉम्ली या दुसऱ्या चाहत्याबरोबर त्याने पहिले दोन गेम मोबाइलसाठी नव्याने बांधले. 1992 च्या ‘सॉनिक 2’मधून ऐनवेळी काढून टाकलेला ‘हिडन पॅलेस’ हा टप्पा 2013 च्या आवृत्तीत परत आला, आणि तो आणला तो लहानपणापासून त्या टप्प्याच्या अफवा ऐकत आलेल्या पिढीने. जुलै 2016 मध्ये याच चाहत्यांच्या हातून घडणाऱ्या ‘सॉनिक मेनिया’ या नव्या गेमची घोषणा झाली आणि ऑगस्ट 2017 मध्ये तो आला. संगीत टी लोपेसचं. सॉनिकच्या जुन्या चाली नव्याने बांधून इंटरनेटवर टाकणारा म्हणून लोक त्याला आधीपासून ओळखत होते. समीक्षकांनी ‘मेनिया’ला डोक्यावर घेतलं. त्याआधीच्या पंधराएक वर्षांतल्या कुठल्याही सॉनिक गेमच्या वाट्याला एवढं कौतुक आलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेगाच्या स्वतःच्या स्टुडिओचा ‘सॉनिक फोर्सेस’ आला आणि ‘ठीक आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण झाली.

ही कहाणी नेहमी गोड शेवटासारखी सांगितली जाते: सेगा उदार, चाहते गुणी, सगळ्यांचं भलं झालं. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. सेगाची उदारता खरी आहे, तिचा फायदाही झाला आहे. पण ती मेहेरबानी आहे, आणि मेहेरबानीवर कुणाचं दहा वर्षांचं काम उभं राहू नये. चाहत्यांनी काय करावं, काय करू नये, कशाबद्दल काम काढून टाकलं जाईल, हे कंपन्यांनी लिहून द्यायला हवं.

त्याच 2016 मध्ये दुसऱ्या टोकाला काय घडलं ते पाहा. ऑगस्टमध्ये ‘पोकेमॉन युरेनियम’ हा चाहत्यांनी तब्बल नऊ वर्षं खपून बनवलेला गेम आला. लाखो लोकांनी उतरवून घेतला. काही दिवसांतच पोकेमॉन आणि मारिओ यांच्यामागच्या निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या वकिलांच्या नोटिसा निघाल्या आणि बनवणाऱ्यांनी दुवे काढून टाकले. त्याच महिन्यात निन्टेन्डोच्याच ‘मेट्रॉइड 2’ या गेमच्या चाहत्याने केलेल्या नव्या आवृत्तीचीही तीच गत झाली. सेगा चाहत्यांना नोकऱ्या देत होती तेव्हा निन्टेन्डो त्यांना नोटिसा देत होती. दोघांचा कायदा एकच होता हे विसरू नका. फरक फक्त मर्जीचा.

निन्टेन्डोचं आणखी एक उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. जून 2019 मध्ये एका चाहत्याने ब्राउझरमध्ये चालणारा एक मारिओ बनवला. जुनाच ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, पण एकाच वेळी डझनावारी मारिओ पळताहेत आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. नोटीस आली. त्याने चित्रं बदलली, नाव बदललं, तरी तो गेम टिकला नाही. पुढे ऑक्टोबर 2020 मध्ये निन्टेन्डोने ‘सुपर मारिओ ब्रदर्स 35’ काढला. पस्तीस खेळाडू, जुना मारिओ, शेवटपर्यंत टिकेल तो विजेता. कल्पना उचलली असं मी म्हणणार नाही. अशा स्पर्धांची तेव्हा लाटच होती. पण 31 मार्च 2021 ला निन्टेन्डोने स्वतःचा गेमही कायमचा बंद केला. म्हणजे लोकांना हवाहवासा वाटलेला एक प्रकार चाहत्याला करू दिला नाही आणि कंपनीनेही ठेवला नाही. याने मारिओचं कोणतं नुकसान टळलं, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. पात्र त्यांचं, पैसा त्यांचा, बदनामी झाली तर ती त्यांची. एखाद्या आईबापाने मुलाला चुकून भलताच, ओंगळ चाहता-गेम उतरवून दिला तर शिव्या कंपनीलाच बसणार. नावाचा प्रश्नही आहे. कॉपीराइट दुर्लक्ष केल्याने बुडत नाही, पण ट्रेडमार्कचं तसं नाही. आपलं चिन्ह कुणीही वापरावं आणि आपण गप्प बसावं असं वर्षानुवर्षं चाललं तर त्यावरचा हक्क पातळ होऊ शकतो. वकील हाच मुद्दा पुढे करतात. पण तो नीट धरला तर माझ्याच बाजूने येतो. गप्प बसल्याने हक्क पातळ होत असेल तर गप्प बसू नये, अटी घालून परवानगी द्यावी. ‘आमचं चिन्ह अमुक ठिकाणी वापरू नका, हा अधिकृत गेम नाही असं पहिल्या पडद्यावर लिहा, विकू नका’ एवढं सांगितलं तरी मालक जागा आहे हे सिद्ध होतं. डोळे मिटून बसण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम.

सेगा मात्र डोळेच मिटून बसते. जिथे पैशाचा व्यवहार नाही तिथे आम्ही सहसा कानाडोळा करतो, असं तिच्या माणसांनी बोलूनही दाखवलं आहे. त्या ‘सहसा’च्या भरवशावर केवढा पसारा उभा आहे! 2000 पासून सॉनिकच्या हौशी गेमांचं एक प्रदर्शन इंटरनेटवर भरत आलं आहे, आणि त्यात गेम फुकट खेळायला मिळतात. ‘सॉनिक रोबो ब्लास्ट 2’ नावाचा त्रिमितीय गेम 1998 पासून घडतो आहे आणि तो ‘डूम’ या जुन्या बंदूकबाज गेमच्या इंजिनावर उभा आहे. एवढी वर्षं माणसं आली, गेली, काहींची मुलं मोठी झाली असतील, गेम चालूच. आणि यातल्या कशालाही कागदाचा आधार नाही. उद्या मालक बदलले किंवा नवा कायदेप्रमुख आला, तर एका पत्राने हे सगळं उठवता येईल.

कागद नसला की काय होतं हे सॉनिकच्याच कॉमिक्सने दाखवून दिलं आहे, आणि तिथे तर बिनपैशाचे चाहते नव्हते, पगारी लेखक होते. आर्ची कॉमिक्स ही अमेरिकन प्रकाशन कंपनी 1993 पासून सॉनिकची मासिकं काढत होती. केन पेंडर्स या लेखकाने तिथे बरीच वर्षं लिहिलं, नकल्स या पात्राभोवती एकिडना जमातीचं अख्खं गणगोत उभं केलं. पुढे त्याने त्या पात्रांवर आपला कॉपीराइट नोंदवला. 2010 मध्ये आर्चीने त्याच्यावर दावा लावला आणि सगळं घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर: हे काम कंपनीसाठी केलेलं, कंपनीच्या मालकीचं आहे असा स्पष्ट लेखी करार होता की नव्हता? 2013 मध्ये तडजोड झाली. एकिडना मंडळी कथेतून गायब झाली, मालिकेचा इतिहासच पुसून नव्याने मांडावा लागला. वीस वर्षं वाचत आलेल्या मुलांची ओळखीची माणसं एका अंकापासून पुढच्या अंकात नाहीशी झाली, कारण कुणीतरी कधीतरी एक कागद नीट केला नव्हता. पेंडर्स बरोबर की आर्ची, यावर चाहते अजून एकमेकांची डोकी फोडतात. मला त्यात पडायचं नाही. पण ‘आपण आपसांत समजून घेऊ’ ही पद्धत या धंद्यात चालत नाही एवढं त्यातून दिसतं.

आता चाहत्यांकडे वळू. त्यांची बाजू घेतो म्हणून त्यांच्या पायाखालचं दिसत नाही असं नाही.

30 एप्रिल 2019 ला सॉनिकच्या चित्रपटाचा ट्रेलर आला. बारीक डोळे, माणसासारखे दात, लांब पाय. जगभर हसू झालं. दोनच दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलरने रूप बदलण्याचं जाहीर केलं, प्रदर्शन नोव्हेंबर 2019 वरून 14 फेब्रुवारी 2020 वर गेलं. नवं रूप करण्यात पुढाकार होता टायसन हेस या चित्रकाराचा, आणि सॉनिकची कॉमिक्स व ‘मेनिया’ची सुरुवातीची फीत यांतून चाहते त्याला ओळखतच होते. चित्रपट तुफान चालला. चाहत्यांनी ‘आम्ही जिंकलो’ म्हणून कॉलर ताठ केली.

त्या विजयाचा हिशेब मात्र कुणी पुरता मांडला नाही. पात्राचा रंगरूप बदलणं म्हणजे संगणकावर त्याचं सोंग पुन्हा पहिल्यापासून उभारणं. ते काम रात्री जागून करणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांची नावं ट्रेलरखालच्या टोमण्यांत नसतात. या चित्रपटावर काम केलेल्या एमपीसी या संगणकी दृश्यं करणाऱ्या कंपनीचा कॅनडातल्या व्हँकुव्हरचा स्टुडिओ डिसेंबर 2019 मध्ये बंद पडला. कंपनीने बाजाराची कारणं दिली, आणि रूप बदलल्यामुळेच तो बुडाला असं म्हणायला आधार नाही. तरी ‘आम्ही ओरडलो म्हणून झालं’ असं म्हणणाऱ्यांनी ओरडण्याचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो हे एकदा पाहावं. वजन मोजून सांगणारी टीका वेगळी आणि झुंडीने जाऊन एखाद्या चित्रकाराच्या अंगावर धावणं वेगळं. पहिलीतून ‘मेनिया’ निघाला. दुसरीतून फक्त माणसं खाती बंद करून निघून जातात.

डोळे हिरवे असावेत की काळे, हात निळे असावेत की फिकट त्वचेच्या रंगाचे, हे वाद बाहेरून पोरकट दिसतात. 1998 च्या ‘सॉनिक ॲडव्हेंचर’मध्ये डोळे हिरवे झाले आणि 2014 च्या ‘सॉनिक बूम’मध्ये हात निळे झाले, दोन्ही वेळा रणकंदन. पण जरा थांबून पाहिलं तर यातले बरेच वाद ‘या पात्रात बदलू नये असं काय आहे’ या एकाच प्रश्नाभोवती फिरतात, आणि तो प्रश्न मालकांनाही सुटलेला नसतो. मारिओच्या चाहत्यांत असे वाद कमी, कारण मारिओ क्वचितच घसरतो. सॉनिक वारंवार घसरला, म्हणून त्याच्या चाहत्यांना दुरुस्तीची सवय लागली.

दुरुस्ती म्हणजे अक्षरशः दुरुस्ती. 2006 चा ‘सॉनिक’ ज्यांनी खेळलाय त्यांना आठवत असेल: गावातल्या एखाद्या माणसाशी बोलायला जा, पडदा काळा, थांबा. तो दोन वाक्यं बोलणार, काम सांगणार. पुन्हा पडदा काळा, पुन्हा थांबा. मग ते एवढंसं काम, आणि ते संपलं की परत थांबा. घाईघाईने बाजारात ढकललेला हा गेम टिंगलीचा विषय झाला आणि बहुतेकांनी तिथेच सोडून दिला. एका चाहत्याने मात्र तोच गेम युनिटी या इंजिनमध्ये नव्याने बांधायला घेतला आणि टप्प्याटप्प्याने लोकांना फुकट दिला. पळण्याची पकड सुधारली, कॅमेरा सुधारला, आणि टर उडवलेल्या त्या गेमच्या आत एक चांगला गेम गाडला गेला होता हे लोकांना दिसलं. कुठल्याही कंपनीच्या हिशेबात हे काम बसलं नसतं. पडलेल्या मालावर पुन्हा पैसा कोण लावणार? संस्कृतीचं हे काम पदरमोड करूनच होतं आणि ते चाहतेच करतात.

संशोधनाचंही तसंच. 1994 च्या ‘सॉनिक 3’च्या संगीतात मायकल जॅक्सनचा हात होता की नाही यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं कान लावून काथ्याकूट केला. 2022 मध्ये ‘सॉनिक ओरिजिन्स’ या संग्रहात काही टप्प्यांचं संगीत बदललेलं निघालं, तेव्हा मूळ गेमच्या निर्मात्यांपैकी युजी नाका यांनीच जाहीरपणे जॅक्सनचं नाव घेतलं. आणि हा संग्रह यायच्या आधी सेगाने जुन्या गेमच्या सुट्या प्रती बहुतेक ऑनलाइन दुकानांतून काढून घेतल्या होत्या. मूळ संगीतासह मूळ गेम जपून ठेवणारे कोण, हे सांगायला नको. ‘ओरिजिन्स’वर काम केलेल्या थॉम्लीने तो ज्या अवस्थेत बाजारात आला त्याबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली, हेही इथेच नोंदवतो. चाहत्याला आत घेतलं म्हणजे त्याचं ऐकलं जातंच असं नाही.

म्हणून ‘चांगलं काम करा, कंपनी नोकरी देईल’ हे आमिष मला धोरण म्हणून मान्य नाही. व्हाइटहेड एखादाच. इयन फ्लिन चाहता होता, 2006 पासून सॉनिकची कॉमिक्स लिहू लागला आणि 2022 च्या ‘सॉनिक फ्रंटियर्स’ची कथा त्याने लिहिली, इव्हान स्टॅनली स्वतःचं चाहता-कॉमिक काढत काढत अधिकृत चित्रकार झाली. कौतुकच आहे. पण ज्यांना नोकरी नको, किंवा मिळण्याइतकं ज्यांचं काम चांगलं नाही, त्यांचं काय? सॉनिकचं डोकं म्हणजे एक गोल आणि मागे वळलेले काटे. आठ वर्षांचं पोरही ते काढतं, त्याला दुसरा रंग देतं आणि ‘हा माझा, कुणी चोरू नका’ असं खाली लिहितं. इंटरनेटने या मुलांची भरपूर टर उडवली. मग 2017 च्या ‘फोर्सेस’मध्ये सेगाने खेळाडूला स्वतःचं पात्र बनवण्याची सोय दिली आणि ज्याची टर उडवली जायची तेच विकायला ठेवलं. नियम लिहायचे तर ते या वाईट चित्रं काढणाऱ्या पोरासाठीही लिहायला हवेत.

असे नियम लिहिणं अशक्य नाही. जपानच्या ‘तोहो’ या गेमांच्या मालिकेचा कर्ता आपल्या पात्रांवर इतरांनी काय करावं याच्या अटी लेखी देतो, आणि त्यावर दुसऱ्यांचे गेम, संगीत, कॉमिक्स यांचं जंगल वाढलं आहे. खुद्द निन्टेन्डोने नोव्हेंबर 2018 मध्ये व्हिडिओ करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक नियम जाहीर केले. त्याआधी कमाईत वाटा मागणारी तिची योजना होती, ती गुंडाळली. आकाश कोसळलं नाही. व्हिडिओसाठी जे जमलं ते गेमसाठी का जमू नये?

माझ्या मते त्यात विक्रीला सरळ बंदी असावी, ‘आधी पैसे भरा, आधी खेळा’ या पळवाटेसह. यावर बरेच चाहते माझ्याशी भांडतील, भांडोत. मूळ गेमच्या फायली जशाच्या तशा वाटू नयेत. द्वेष आणि लहान मुलांच्या बाबतीतला ओंगळपणा याला थारा नको. आणि त्या बदल्यात कंपनीने बांधून घ्यावं: या कारणांखेरीज काम काढायला सांगणार नाही, सांगायचं झालं तर आधी कळवू आणि बदल करायला मुदत देऊ.

असं बंधन चाहत्यांच्याही सोयीचं आहे, कारण मग प्रत्येकाला आपला मार्ग वेळेवर ठरवता येतो. 2014 चा ‘फ्रीडम प्लॅनेट’ सॉनिकचा चाहता-गेम म्हणूनच सुरू झाला होता. बनवणाऱ्यांनी वेळीच पात्रं बदलली, आपलं जग रचलं आणि तो उजळ माथ्याने विकला. उलट सेगाच्याच ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ची चाहत्यांनी केलेली नवी आवृत्ती आठ वर्षांच्या मेहनतीनंतर एप्रिल 2011 मध्ये आली आणि सेगाने ती काही दिवसांतच काढायला लावली. हीच ती कानाडोळा करणारी कंपनी. कुठे दुर्लक्ष होईल आणि कुठे नाही हे पहिल्याच वर्षी लिहिलेलं वाचायला मिळालं असतं, तर त्या मंडळींनी नावं-चेहरे बदलून तोच गेम स्वतःचा म्हणून काढला असता, किंवा त्यात हातच घातला नसता. ठरवणारे ते असते.